गोड बंद

आमच्या घरात तंबाखूला कुणी शिवत नाही, असं मामंजी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून सांगायचे. मामंजी म्हणजे माझे सासरे, ईश्वरप्पा. चाकूरच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान. कट्ट्यावर कुणी बिडी पेटवली की ते तराजू खाली ठेवायचे, उठायचे आणि त्या माणसाला, मग तो पाटील असो की पोलीस, कट्ट्याखाली उतरवायचे. दुकानात बिडीचं बंडल नाही, सिगारेट नाही, खायची तंबाखू नाही. गाव म्हणायचं, माणूस असावा तर ईश्वरप्पासारखा. मी लग्न होऊन आले तेव्हा उदगीरला आईला मीही तेच सांगितलं होतं.

आणि त्याच दुकानाच्या मागं, न्हाणीला लागून असलेल्या चुलीवर, माझी सासू दर आठवड्याला तव्यावर तंबाखूची पानं भाजायची.

पानं पार काळी होईस्तोवर भाजायची, हातानं चुरायची, खलबत्त्यात कुटायची आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची. खाली पडायची ती काजळासारखी भुकटी. तिला मिसरी म्हणायचं. तंबाखू म्हणायचं नाही. मी एकदा बोलून गेले की अत्ती, ही तंबाखूच की. आमच्या कानडी मुलखाकडं सासूला अत्ती म्हणतात. सासू खो खो हसली, आणि मामंजींनी मला जवळ बसवून समजावलं. कच्ची असते तोवर ती तंबाखू, तोवर ते व्यसन. विस्तवातून गेली की ती मिसरी, मग ते दातांचं औषध. तंबाखू खातात, मिसरी लावतात. ज्याला खाणं आणि लावणं यातला फरक कळत नाही त्यानं बोलू नये. नव्या सुनेनं गप्प बसायचं असतं.

सासरी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी अत्तीनं माझ्या तळहातावर चिमूटभर मिसरी ठेवली होती. मी बोट बुडवून हिरडीला लावलं. थोड्या वेळात जीभ बधिर झाली, घाम फुटला, छाती धडधडायला लागली आणि अंगण माझ्याभोवती फिरायला लागलं. मी मोरीत ओकले. अत्ती पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "पयल्यांदा समद्यास्नी असंच हुतंय. अंग येडं असतंय, त्याला शिकवावं लागतंय." माझं अंग काही शिकलं नाही. मी परत बोट बुडवलं नाही, आणि घरात माझी चेष्टा सुरू झाली की उदगीरची महाराणी मिठानं दात घासती. त्या घरात त्या दिवशी शहाणं असं एकच होतं, ते माझं पोट.

सासूचं नाव गुरम्मा. तिच्याबद्दल मला वाईट बोलता येत नाही. माझा राग दुसरीकडं आहे. ती मोठ्यानं हसायची, मोठ्यानं बोलायची, आणि नवऱ्यासमोर सुनेची बाजू घेणारी अशी सासू मी दुसरी पाहिली नाही. पहाटे उठून ती उंबऱ्यात बसायची, डाव्या तळहातावर मिसरी, उजव्या हाताचं बोट तोंडात. खालच्या ओठाच्या आत, उजव्या बाजूला, तिची ठरलेली जागा होती. तिथं मिसरी दाबून ती निवांत बसायची. मग पोट साफ, मग अंघोळ, मग लिंगपूजा, कपाळाला विभूती. अंघोळीआधी बोट काळं, अंघोळीनंतर पांढरं. मिसरी लावल्याशिवाय तिला चहासुद्धा चालायचा नाही.

आणि गोडाची मोठी शौकीन. आमच्याकडं गव्हाची गुळातली खीर करतात, हुग्गी. सणावाराला सगळ्याच घरात होते, पण अत्तीला सण लागायचा नाही. वाटीभर हुग्गी, वर तुपाची धार, आणि ती डोळे मिटून खायची. मामंजी म्हणायचे, देवासमोर बी एवढे डोळे मिटत न्हाई ही. ती म्हणायची, देव काय पळून चाललाय व्हय.

तो काळ दुष्काळाचा. उस्मानाबादेतून तोडून लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याला तीन-चार वर्षं झाली असतील. जिल्हा आला, नवे साहेब आले, नव्या पाट्या आल्या, फक्त पाऊस आला नाही. आड आटले, ज्वारी गेली. बाया रोजगार हमीवर रस्त्याची खडी फोडायला जायला लागल्या. सकाळी कामावर जाताना त्या आमच्या मागल्या दाराशी थांबायच्या आणि गुरम्माच्या हातची मिसरी विकत घ्यायच्या. त्यातली केवळाबाई माझ्याशी बोलायची. एका भाकरीवर दिवसभर हातोडा कसा उचलता, असं मी तिला विचारलं होतं. तिनं कमरेची मिसरीची चंची दाखवली. म्हणाली, वयनी, दोन येळा लावली की दुपारची भूकच लागत न्हाई. केवळाबाईची सून पोटुशी होती, तीसुद्धा खडीवर जायची आणि तीसुद्धा लावायची. तिला पोर झालं ते कोंबडीच्या पिलासारखं, हातात घ्यायला भीती वाटावी असं. लोक म्हणाले, दुष्काळाचं पोर, असंच असायचं.

मामंजी म्हणायचे, गरिबाला तेवढाच आधार. दुष्काळात सगळ्या पेठेत माशा मारणं चाललं होतं, आमचं मागलं दार मात्र चालू होतं. आठवड्याला एकदा पेटणारी चूल एक दिवसाआड पेटायला लागली. त्या धुरानं माझे डोळे चुरचुरायचे, ठसका लागायचा, आणि अत्ती हसत हसत पानं परतत बसायची.

अत्तीच्या तोंडातला तो डाग आधी मीच पाहिला. ती जांभई देत होती आणि खालच्या ओठाच्या आत, तिच्या त्या ठरलेल्या जागी, मला पांढरं दिसलं. सायीचा तुकडा चिकटावा तसं. मी म्हटलं, अत्ती, चूळ भरा, काहीतरी अडकलंय. तिनं चूळ भरली, बोटानं घासलं, ते निघालं नाही. दुखत नव्हतं. तिखट खाल्लं की तेवढी आग व्हायची. तोंड आलं असेल म्हणून तिनं जाईचा पाला चघळला, तूप लावलं. डाग तिथंच. मग त्याच्या कडेला एक लाल फोड उठला आणि तो दुखायला लागला. त्यावर तिला एक नामी उपाय सापडला. मिसरी लावली की तेवढी जागा बधिर व्हायची आणि दुखणं थांबायचं. जी जागा जळत होती तिच्यावर ती तेच जळतं दाबत होती आणि वर मला सांगत होती, बघ, औषध हाय की न्हाई.

त्याच हिवाळ्यात नव्या जिल्ह्याच्या कौतुकात गावोगाव आरोग्य शिबिरं झाली. चाकुरातलं शिबिर शाळेच्या मैदानात होतं. मांडव घातला, खुर्च्या मांडल्या. गावचा प्रतिष्ठित माणूस म्हणून मामंजींच्या गळ्यात हार घातला आणि त्यांना डॉक्टरच्या टेबलाशेजारी बसवलं. त्याला अजून एक कारण होतं. दात तपासायला आलेला डॉक्टर अगदी पोरसवदा होता, उत्तरेकडचा, त्याला मराठी येत नव्हती. मामंजी निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. सही उर्दूत करायचे. बाहेरचा कुणी साहेब आला की गाव त्यांनाच पुढं करायचं. त्यांची जबान ऐकून हैदराबादचे व्यापारीसुद्धा मान डोलवायचे, हे ते स्वतःच सांगायचे.

बायांची रांग लागली. टेबलाशी बसलेला कारकून प्रत्येकीला विचारायचा, तंबाखू खाता का? प्रत्येक बाई म्हणायची, न्हाई. केवळाबाई म्हणाली, न्हाई. तिची सून म्हणाली, न्हाई. एकही खोटं बोलत नव्हती. ज्यांच्या कमरेला चंची होती त्या बाया छातीठोक न्हाई म्हणत होत्या, कारण त्या खातच नव्हत्या, लावत होत्या. अत्तीचा नंबर आला. तिनं तर विचारायच्या आधीच सांगितलं, आमच्या घरात शिवत बी न्हाईत.

डॉक्टरनं बॅटरीचा उजेड पाडून तिच्या तोंडात पाहिलं. पाहता पाहता वाकला. ओठ खाली ओढून परत पाहिलं. मी अत्तीच्या मागंच उभी होते. त्यानं हिंदीत विचारलं, दाँतों में क्या लगाती हो, माँजी?

अत्तीला तेवढं कळलं. ती म्हणाली, "मिसरी."

"मिश्री?"

"हाव, मिसरी. सकाळ-सांज. कवा कवा दुपारी बी. लई बरं वाटतंय."

डॉक्टर कपाळाला हात लावून हसला. म्हणाला, दिनभर मिश्री? तभी तो ये हाल है. आज से मीठा बिल्कुल बंद.

मामंजी खाकरले. त्यांनी गळ्यातला हार जरा सारखा केला. मग मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मराठीत सांगितलं, "गोड बंद. डागदरसाहेब म्हनतेत, आजपासून गोड बंद."

मला आश्चर्य वाटलं. तोंडातल्या डागाचा गोडाशी काय संबंध? पण माझी हिंदी सातवीपर्यंतची, आणि समोर शिकलेला डॉक्टर. अत्तीचा चेहरा एवढासा झाला होता. बरोबरच्या बाया म्हणाल्या, साखरेचा आजार असंल बाई, हल्ली लई लोकांना हुतोय. डॉक्टरनं लाल गोळ्या दिल्या, महिन्यानं दाखवा म्हणाला, आणि पुढची बाई बोलावली. महिन्यानं तो कुठं होता कुणास ठाऊक. शिबिर परत आलं नाही.

अत्तीनं गोड बंद केलं. तिच्यासारखं पथ्य मी कुणाला पाळताना पाहिलं नाही. चहा बिनसाखरेचा. नागपंचमी गेली, श्रावणी सोमवार गेले, दिवाळी गेली. हुग्गी ती स्वतः रांधायची, सगळ्यांना वाढायची, आणि स्वतः कण्या-ताक घेऊन चुलीपाशी बसायची. मी एकदा म्हटलं, अत्ती, बोटभर चाटा, काही होत नाही. तिनं माझा हात बाजूला केला. म्हणाली, डागदरनं सांगितलंय, त्येनी हसत हसत सांगितलं म्हून काय मोडायचं? बरं व्हायचंय मला. रेवणप्पाचं पोर खेळवायचंय. रेवणप्पा माझा नवरा, आणि आमच्या घरात तेव्हा पाळणा हललेला नव्हता.

आणि रोज सकाळ-संध्याकाळ, वर दुपारी, आणि दुखायला लागलं की मधेअधे कितीदा तरी, ती बोट काळ्या भुकटीत बुडवत होती. माझ्या डोळ्यांदेखत. डॉक्टरनं बंद करायला सांगितलं ते तिनं केलं होतं. मिसरीचं त्यानं काही सांगितलं नव्हतं.

फोडाची जखम झाली, जखमेचे काठ टणक झाले, बोट लावलं तर शेंगदाण्यासारखं हाताला लागायचं. खालचे दात हलायला लागले आणि एक दात भाकरीत आला. कानात ठणका मारायचा. गळ्याशी जबड्याखाली गाठ आली. मग तोंड उघडेना. आधी भाकरीचा घास बारीक केला, मग भाकरी ताकात कुस्करली, मग नुसती पेज. हसणं तर आधीच गेलं होतं, कारण हसायला तोंड उघडावं लागतं. तोंडाला वास यायला लागला तशी ती पदर तोंडाशी धरून बोलायची आणि माणसांपासून लांब बसायची. मी मामंजींना किती वेळा म्हटलं, लातूरला नेऊया, आता जिल्ह्याचं गाव आहे, तासा-दीड तासाची वाट. ते म्हणायचे, बघू. लातुरात आमचं सगळं गणगोत, सगळी पेठ ओळखीची. शेवटी दुखण्यानं ती भिंतीवर डोकं आपटायला लागली तेव्हा त्यांनी नांदेडचं नाव काढलं. नांदेडला त्यांची चुलत बहीण शांतम्मा राहायची, आणि तिथं आम्हाला दुसरं कुणी ओळखत नव्हतं.

लोह्याच्या पुढं बस खड्ड्यांतून चालली होती आणि प्रत्येक धक्क्याला अत्ती माझं मनगट आवळत होती. मामंजी पुढच्या सीटवर बसून शेजाऱ्याशी पावसाचं बोलत होते.

नांदेडच्या दवाखान्यातले डॉक्टर वयस्क होते, मराठवाड्यातलेच. त्यांनी विचारलं, तंबाखू? मामंजी म्हणाले, आमच्या घरात शिवत न्हाईत. डॉक्टरनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. अत्तीचा ओठ हळूच खाली केला, तिच्या उजव्या हाताचं बोट उचलून पाहिलं. नखाच्या कडेला काळं होतं. त्यांनी मलाच विचारलं, मिसरी किती वर्षांपासून? मी सांगितलं, मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासून.

त्यांनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं. भाजल्यानं तंबाखू मरत नाही. त्यातलं विष कातडीतून आत जातंच, रक्तात जातं, म्हणून तर छाती धडधडते, भूक मरते, पोटातलं पोर खुरटतं. आणि जिथं रोज दाबून ठेवता ती जागा रोज थोडी थोडी भाजते. अंग ती जागा भरून काढायला बघतं, परत भाजते, परत भरतं. असं वर्षानुवर्षं झालं की एक दिवस ते भरणं थांबतच नाही, वेडंवाकडं वाढत सुटतं. पांढरा डाग दिसला तेव्हाच हे थांबवलं असतं तर बहुतेक निभावलं असतं. बधिर होतं म्हणून बायांना औषध वाटतं, तेच तर फसवणं आहे. मी ऐकत होते आणि मला माझी ती पहिली ओकारी आठवत होती.

अत्ती पदराआडून म्हणाली, पण डागदर, मी वरीस झालं गोड सोडलंय. डॉक्टर म्हणाले, गोड कशाला सोडलं? मी मामंजींकडं पाहिलं. ते खिडकीतून बाहेर पाहत होते.

तपासायला जखमेचा तुकडा काढून घेतला आणि आम्ही शांतम्माच्या घरी राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला बाहेर पडले. गुरुद्वाऱ्याकडच्या रस्त्यावर एका किराणा दुकानात उभी होते. माझ्या पुढं एक म्हातारी पंजाबी बाई, यात्रेला आलेली. तिनं दुकानदाराला म्हटलं, पुत्तर, पाव किलो मिश्री दे.

मी मनातच म्हटलं, पंजाबच्या बायासुद्धा लावतात? दुकानदारानं बरणीत हात घातला आणि तराजूत खडीसाखर टाकली. पांढरीशुभ्र, खड्याखड्याची.

मी त्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, खडीसाखर, ताई. हिंदीत मिश्री म्हणतात.

मी दूध घेतलं नाही. खडीसाखरेची एक पुडी घेतली आणि तशीच परत आले. रस्ताभर मला त्या डॉक्टर पोराचं हसणं ऐकू येत होतं. दिनभर मिश्री? त्याच्या डोळ्यांसमोर दिवसभर खडीसाखर चघळणारी एक म्हातारी होती. त्या पोराचा मला राग आला, पण तो पूर्ण येईना. त्यानं निदान विचारलं तरी होतं. परक्या मुलखातल्या पोराला आमची मिसरी कुठून माहीत असणार? कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं. ज्याला दोन्ही भाषा येतात अशा कुणीतरी.

शांतम्माच्या ओसरीवर मामंजी पूजा उरकून बसले होते, कपाळावर ताजी विभूती. अत्ती भिंतीला टेकून पेज गार व्हायची वाट पाहत होती. मी पुडी सोडून मामंजींसमोर ठेवली आणि विचारलं, "मामंजी, याला उर्दूत काय म्हणतात?"

त्यांनी पुडीकडं पाहिलं. विचार करायला थांबलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "मिसरी."

मग त्यांच्या ध्यानात आलं मी काय विचारलं ते. शांतम्मा आत भांडी घासत होती. मी म्हटलं, त्या दिवशी मांडवात तुम्हाला कळलं होतं.

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. नाही म्हणाले असते तर मी कदाचित विश्वाससुद्धा ठेवला असता, सासरे आहेत, वयानं मोठे आहेत. पण त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही.

"कळालं हुतं की," ते म्हणाले. "डागदर खडीसाखर समजून राहिला, हे मला तितंच कळालं. पर समदं गाव बसलं हुतं. माज्या गळ्यात हार हुता. त्या पोराला म्या काय सांगायचं हुतं, ईश्वरप्पाची बायको तंबाखू घासती म्हून? आपली इज्जत काय ऱ्हायली असती, आन् दुकानाची? म्हनलं, गोड बंद केल्यानं काय कुनी मरत न्हाई."

कच्ची असो की भाजलेली, ती तंबाखूच, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. घरात ती औषध होती, मांडवात मात्र त्यांच्या तोंडी तिचं खरं नाव येणार होतं, आणि ते त्यांनी गिळलं. मला त्या माणसाला ओसरीवरून खाली उतरवावंसं वाटलं, जसं ते बिडीवाल्यांना उतरवायचे तसं. मी उतरवलं नाही.

बोलली ती अत्ती. बोटभरही न उघडणाऱ्या तोंडातून, पदर बाजूला करून, एकेक शब्द सुटा करत.

"म्हंजे माजी हुग्गी उगंच बंद केलीव तुमी."

एवढंच म्हणाली. जीव चालल्याचं बोलली नाही, दुखण्याचं बोलली नाही. मामंजी उठले आणि पायांत वहाणा घालून बाहेर निघून गेले.

तपासणीचा निकाल आला तो आम्हाला न सांगताच कळला होता. कॅन्सर हाडात गेला होता, गळ्यातल्या गाठीतही. डॉक्टर म्हणाले, मुंबईला नेलं तर अर्धा जबडा काढतील, तरी सांगता येत नाही. अत्तीनं मान हलवली. घरी चला म्हणाली. मी विचारलं, आता काय खाऊ घालू? डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या.

चाकूरला आल्यावर तिनं हुग्गी मागितली. मी गहू भिजवले, कांडले, मऊ मेण होईस्तोवर शिजवले, चांगला पिवळा गूळ घातला. घास जाणार नव्हता म्हणून ती मला गाळावी लागली. घरातल्या जुन्या धोतराच्या फडक्याला मी हात लावला नाही, माझ्या लग्नातल्या साडीचा तुकडा फाडला. गाळलेली पातळ हुग्गी चमच्यानं तिच्या गालातून थेंब थेंब सोडली. तिनं सवयीनं डोळे मिटले. मी विचारलं, गोड झालीय का? ती बराच वेळ जीभ हलवून पाहत होती. मग तिनं डोळे उघडले आणि नाही म्हणून मान हलवली. गूळ कमी नव्हता. तिला चवच कळत नव्हती. मी अजून गूळ घातला, परत दिली. तिनं माझ्या समाधानासाठी मान डोलवली, आणि मी बाहेर येऊन रडले.

पाऊस पडायच्या आधी ती गेली. आम्हा लिंगायतांत पुरतात, बसवून, हातात लिंग देऊन, विभूती लावून. आमचे गुरू जंगमस्वामी मंत्र म्हणत होते. तिचं तोंड फडक्यानं झाकलं होतं. रडायला आलेल्या बाया मागल्या दाराशी बसल्या, आणि रडून झाल्यावर त्यांतल्या कितीतरी जणींनी कमरेची चंची काढली. त्यांना मी बोलले नाही. ज्यानं दुखणं बधिर होतं ते माणूस दुःखात काढणारच.

तवा मी कोरड्या आडात टाकला. रेवणप्पानं मला टाकताना पाहिलं आणि तोंड फिरवलं, तेवढं त्याचं मी मानते. पुढच्याच आठवड्यात मामंजींनी दुकानात लातूरहून तयार मिसरीच्या पुड्या आणल्या, वर छापलेलं, दंतमंजन. मी मागल्या दाराशी उभी राहते आणि बायांना नांदेडच्या डॉक्टरचं सगळं सांगते. मिसरी म्हणजे तंबाखूच, डाग दिसला तर दाखवा, पोटात पोर असताना तर लावूच नका. केवळाबाई ऐकते, डोळ्यांत पाणी आणते, गुरम्मावयनी लई चांगली हुती म्हणते. मग पुढच्या दारानं जाऊन पुडी घेते. तिची सून परत पोटुशी आहे.

आणि मामंजींनी गोड सोडलं. बायकोच्या आठवणीत. जंगमस्वामींसमोर तसा संकल्प केला. गाव हेलावलं. लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढणारा आला की ते ताटावर हात आडवा धरतात आणि हळू आवाजात सांगतात, आमच्यात गोड बंद हाय. शेजारचे लोक पुढच्या माणसाला ती गोष्ट सांगतात, की बायकोनं पथ्य पाळलं तसं हा माणूस पाळतोय. माणूस असावा तर ईश्वरप्पासारखा.

त्यांचा सकाळचा चहा मी करते. त्यात दोन चमचे साखर घालते. पहिल्या दिवशी घातली तेव्हा मी दुकानाच्या आतल्या दारात उभी राहिले, काय म्हणतात ते ऐकायला. कट्ट्यावर चारचौघं बसलेली होती. मामंजींनी पहिला घोट घेतला आणि थांबले. माझ्याकडं पाहिलं. मी नजर हटवली नाही. त्यांना कळलं होतं, जसं मांडवात कळलं होतं तसंच. कट्ट्यावरच्या कुणीतरी विचारलं, आप्पा, बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरतो तरी कसा?

"सवय झाली," मामंजी म्हणाले.

तेव्हापासून रोज घालते. ते रोज पितात. कप खाली ठेवतात, मिशा पुसतात आणि गिऱ्हाइकाला मिसरीची पुडी काढून देतात.